डोळ्यांखालची सावली

माणसाची ओळख ज्यावरून पटते तो चेहरा, आणि नेमका तोच त्याला स्वतःला कधी प्रत्यक्ष दिसत नाही. हात, पाय, छाती, पोट ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतात. चेहरा मात्र आरशातून, छायाचित्रातून किंवा दुसऱ्याच्या बोलण्यातून कळतो. मालकी एकाची आणि वहिवाट इतरांची, अशी काहीशी चेहऱ्याची स्थिती आहे. या स्थितीतून जे नैतिक प्रश्न निर्माण होतात, त्यांतील एक वरकरणी अगदी क्षुल्लक वाटेल. डोळ्यांखाली दिसणारा काळेपणा सुईवाटे द्रव्य टोचून घालवणे योग्य आहे काय? युद्ध, दारिद्र्य, न्याय असे थोर विषय समोर असता नीतिविचाराने या बोटभर जागेकडे का वळावे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्या बोटभर जागेवर माणसाचे कष्ट, त्याचा आजार, त्याचा वंश आणि त्याच्याविषयीचे इतरांचे मत ही सारी एकत्र वाचली जातात, ती जागा नीतिविचाराला लहान म्हणता येणार नाही.

मराठी भाषेने या जागेची दखल फार पूर्वीपासून घेतलेली आहे. 'डोळे खोल गेले' असे म्हटले की दुखण्याची कल्पना येते. 'डोळ्यांखाली काळे आले' असे म्हटले की जागरण, काळजी किंवा उपासमार यांपैकी काहीतरी ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहते. माहेरपणाला आलेल्या मुलीला आई दारातच विचारते, "डोळ्यांखाली किती काळं आलंय गं तुझ्या! झोप तरी होते का धड?" या प्रश्नात उत्तर ऐकून घेण्याची तयारी असते. तेच निरीक्षण कचेरीत किंवा मुलाखतीच्या दालनात होते तेव्हा ते बहुधा बोलून दाखवले जात नाही, आणि दाखवले तरी "आज जरा थकलेल्या दिसता" एवढ्यावर संपते. तेथे विचारणा नसते, निष्कर्ष असतो. या बाईंच्याने आता काम रेटत नाही, या गृहस्थांचे वय झाले, असा तो निष्कर्ष. एकाच खुणेचे वाचन एके ठिकाणी माया होते आणि दुसऱ्या ठिकाणी निकाल. उपचाराची मागणी जन्माला येते ती मुख्यतः या दुसऱ्या वाचनातून.

हे वाचन बरोबर असते काय, हे आधी पाहिले पाहिजे. पापणीची त्वचा साऱ्या शरीरात सर्वांत पातळ असते. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. लगेच डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू लागतो, आणि त्याचा व बारीक रक्तवाहिन्यांचा गडद रंग वरून निळसर-जांभळा जाणवतो. हा काळेपणाचा एक प्रकार. दुसरा प्रकार रंगद्रव्याचा. त्वचेतच मेलॅनिन अधिक साठलेले असते. हा प्रकार पुष्कळदा आनुवंशिक असतो आणि भारतीय वर्णाच्या लोकांत विशेष आढळतो. धुळीचे वा परागांचे वावडे असलेल्या माणसाने वर्षानुवर्षे डोळे चोळले, तरीही तो येतो. तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ सावली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरकी उतरणारी एक खाच असते. इंग्रजी वैद्यकाने तिला दिलेल्या नावाचा अर्थ 'अश्रूंची पन्हळ' असा होतो. वयाबरोबर गालाची चरबी ओसरते, हाडाची कड मागे सरते, खाच खोल होते आणि वरून येणारा प्रकाश तिच्या तळापर्यंत पोहोचत नाही. तेथे काळा रंग असा कोठेच नसतो. दिवा समोरून धरला की काळेपणा मावळतो. बहुतेक चेहऱ्यांत हे तीनही प्रकार कमीअधिक प्रमाणात मिसळलेले असतात.

जागरणाने, आजाराने किंवा रक्त कमी असल्याने चेहरा फिकट पडतो आणि मुळात असलेला काळेपणा अधिक उठून दिसतो, हे खरे. पण जागरण हेच त्याचे मूळ असते असे नाही. आठ तास गाढ झोपणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखाली आजोबांपासून चालत आलेली काळी वर्तुळे असू शकतात, आणि वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्या दुसऱ्या एखाद्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. लोक ज्या खुणेला थकव्याचा पुरावा मानतात ती अनेकदा वंशाची, हाडांच्या ठेवणीची किंवा केवळ दिव्याच्या जागेची खूण असते. नीतिविचाराची पहिली अडचण येथेच उभी राहते. ही खूण कधी खरी साक्ष देते, कधी खोटी; आणि पाहणारा दोन्ही वेळी ती सारख्याच खात्रीने वाचतो.

आता उपचाराकडे वळता येईल. सध्या सर्वाधिक प्रचारात असलेला उपचार तिसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे सावलीसाठी आहे. खाचेत हायल्युरॉनिक आम्लाचा जेलीसारखा भराव बारीक सुईने किंवा बोथट टोकाच्या नळीने सोडतात. खाच उथळ होते, प्रकाश सारखा पडतो आणि सावली फिकी होते. या द्रव्याची हकीगत लक्षात घेण्याजोगी आहे. १९३४ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते प्रथम वेगळे केले ते गुरांच्या डोळ्यांतून. डोळ्याची पोकळी ज्या पारदर्शक, चिकट पदार्थाने भरलेली असते त्या पदार्थातून. त्याच्या नावाचा पहिला भाग काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढले जाऊ लागले, आणि आता बहुतांशी जीवाणूंच्या साहाय्याने तयार करतात. सौंदर्योपचारात येण्याआधी त्याने नेत्रशस्त्रक्रियेत मान मिळवला. मोतीबिंदू काढताना डोळ्याच्या आतील नाजूक भागांना धक्का लागू नये म्हणून ते वापरले जाते. माणसाला जग दिसावे म्हणून डोळ्याच्या आत घातले जाणारे द्रव्य आणि माणूस जगाला बरा दिसावा म्हणून डोळ्याखाली घातले जाणारे द्रव्य एकाच जातीचे आहे. पहिल्या वापराविषयी कोणी नैतिक शंका घेत नाही, दुसऱ्याविषयी घेतात. द्रव्य तेच असता शंका कोठून उद्भवते, हे शोधणे हा या विषयाचा गाभा होय.

त्वचेखालच्या भरावासाठी हे द्रव्य युरोपात १९९६ पासून व अमेरिकेत २००३ पासून वापरात आले. तथापि डोळ्यांखालच्या खाचेसाठी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा भरावाला मान्यता दिली ती २०२२ साली; तोवर वैद्य ते तेथे स्वतःच्या निर्णयाने वापरत होते. त्याचा परिणाम कायमचा नसतो, आणि नको वाटल्यास हायल्युरोनिडेज हे विकर टोचून भराव विरघळवता येतो. सूज येणे, गाठ राहणे हे त्याचे नेहमीचे दोष. भराव फार वरच्या थरात पडला तर त्वचेतून निळसर झाक दिसू लागते. प्रकाश विखुरण्याच्या ज्या प्रकाराला भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांचे नाव मिळाले आहे, त्याचाच हा परिणाम. काळे घालवायला गेलेल्याच्या पदरी निळे पडावे, असा तो न्याय आहे. एक धोका मात्र अत्यंत विरळ असूनही भयंकर आहे. द्रव्य चुकून धमनीत शिरले आणि दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटला, तर दृष्टी जाते आणि ती बहुधा परत येत नाही. रंगद्रव्यामुळे आलेल्या काळेपणाला तर हा भराव उपयोगीच नाही. तेथे स्वतःच्याच रक्तातून वेगळा केलेला प्लेटलेटयुक्त द्रव टोचणे, लेसर, नाना प्रकारचे लेप असे उपाय योजतात, आणि त्यांचे फळ कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही. भारतीय चेहऱ्यांवरील काळेपणात रंगद्रव्याचा वाटा मोठा असल्यामुळे येथील प्रामाणिक वैद्याला समोर बसलेल्या पुष्कळांना 'या सुईचा तुम्हांला उपयोग नाही' असे सांगणे प्राप्त होते.

चेहऱ्याची दुरुस्ती ही काही आजची कल्पना नव्हे, आणि तिच्या इतिहासातील एक प्रसिद्ध प्रकरण पुण्याजवळचे आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाची हकीगत सचित्र छापून आली. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा हा माणूस टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने मेणाचा पातळ पत्रा उरल्या नाकावर बसवून माप घेतले, त्या मापाने कपाळाची कातडी सोडवली आणि ती खाली वळवून नवे नाक घडवले. युरोपातील पुढच्या नासिकाशस्त्रक्रियेला या वृत्तान्ताने चालना दिली. येथे नैतिक प्रश्न उद्भवतच नाही. मराठीत 'नाक कापणे' याचा अर्थ अब्रू घेणे असा आहे. जे दुसऱ्याने क्रौर्याने हिरावले ते कारागिराने परत केले. त्याने त्या गाडीवानाला रूप दिले असे कोणी म्हणणार नाही. त्याने त्याला चारचौघांत उभे राहण्याची सोय परत करून दिली.

सुईच्या इतिहासाचा आरंभही अशाच दुरुस्तीने झाला. १८९३ साली जर्मन शल्यवैद्य गुस्टाव नॉयबर यांनी रुग्णाच्या दंडातील चरबी काढून डोळ्याखाली हाडाला चिकटलेल्या, खोल गेलेल्या व्रणात भरली. तेव्हा अजून सुई नव्हती, पण भरावाची कल्पना आणि जागा आजचीच होती. १८९९ साली व्हिएन्नाचे रॉबर्ट गेर्सूनी यांनी व्याधीमुळे गमावलेल्या अवयवाची उणीव पॅराफिनच्या जातीचे द्रव्य टोचून भरून काढली. व्रण भरणारी ही युक्ती थोड्याच वर्षांत ज्यांना व्रण नव्हता अशा चेहऱ्यांकडे वळली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची नामांकित सुंदरी. नाकाची रेषा ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून विशीच्या सुमारास तिने नाकात मेण टोचून घेतले. मेण जागेवर राहिले नाही, आणि जो चेहरा लोक पाहायला येत तो कायमचा बिघडला. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली. ब्लेनहाइम प्रासादाच्या दर्शनी मंडपाच्या छतावर १९२८ साली रंगवलेले तिचे निळे डोळे आजही तेथे आहेत. पुण्याच्या कारागिराने मेण मापापुरते वापरले आणि काढून टाकले. येथे ते आत राहिले. गाडीवानाचा कोणी गुन्हा केला होता. डीकनचा कोणीही केला नव्हता. तिच्या चेहऱ्यात उणीव अशी नव्हतीच, केवळ एका आदर्शाशी केलेली तुलना होती.

या दोन टोकांच्या मध्ये रेषा ओढून 'दुरुस्ती योग्य, सजावट त्याज्य' असे म्हणणे सोपे आहे. परंतु डोळ्यांखालचा काळेपणा या रेषेच्या कोणत्या बाजूला येतो, हे सांगता येत नाही. तो व्रण नाही. कोणी केलेली इजा नाही. तरी त्याच्यामुळे माणसाला रोज काही सोसावे लागते, आणि ते सोसणे काल्पनिक नसते. म्हणून ही रेषा बाजूला ठेवून प्रचलित आक्षेपांकडेच पाहणे बरे.

पहिला आक्षेप निसर्गाचा. जे निसर्गाने दिले ते बदलू नये, असे म्हणणारा चष्मा लावतो, दात बसवतो, केस कापतो. तेव्हा हा आक्षेप फार दूर जात नाही. दुसरा आक्षेप नटवेपणाचा; देहाचे चोचले हे क्षुद्र मनाचे लक्षण, असे म्हणणारा. पण ज्या समाजात डोळ्यांत काजळ घालणे हा तान्ह्या बाळापासून नववधूपर्यंत सर्वांचा संस्कार होता, त्या समाजाने हा आक्षेप घेताना थोडे थांबले पाहिजे. डोळ्याच्या कडेला स्वतःच्या हाताने रेखलेले काळे म्हणजे शोभा, आणि त्याच्याच दोन बोटे खाली आपोआप आलेले काळे म्हणजे कुरूपता, असा हा व्यवहार आहे. बाळाच्या गालाला लावलेल्या तिटेत तर आणखी मोठा विचार आहे. पाहणाऱ्याची नजर बाधते, हे तीट लावणाऱ्या आईला ठाऊक असते. म्हणून ती एक दोष स्वतःच उमटवते आणि नजरेला तेथे अडवून धरते. सुईचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. तोही नजर बाधते हे मान्य करतो. पण नजरेला अडवण्याऐवजी तिला जे जे खटकेल ते ते काढून टाकत जातो. नजरेला खटकण्यासारखे संपत मात्र कधी नाही.

तिसरा आक्षेप सत्याचा आहे आणि तो या दोहोंपेक्षा गंभीर आहे. चेहरा हा माणसाच्या जगण्याची नोंद होय. ती पुसणे म्हणजे खोटा दस्तऐवज करणे, असे त्याचे स्वरूप. याचे अर्धे उत्तर वर येऊन गेले आहे. ज्या माणसाचा काळेपणा वंशातून किंवा हाडाच्या ठेवणीतून आला आहे, त्याच्या बाबतीत मूळ नोंदच खोटी आहे. तो थकलेला नसतो. लोक त्याला थकलेला समजतात. प्रत्येक भेटीत 'बरं नाही का?' या प्रश्नाला 'छे, उत्तम आहे' असे उत्तर देण्याचा त्याला कंटाळा आलेला असतो, आणि हळूहळू त्या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही हेही त्याला उमगते. अशा माणसाने खाच भरून घेतली तर त्याच्या चेहऱ्याने खोटे बोलणे थांबवले, असेच म्हणावे लागेल. सत्याचा पक्ष घेणाऱ्याने येथे उपचाराला विरोध करण्याचे कारण नाही.

उरलेले अर्धे उत्तर इतके सरळ नाही, कारण काही वेळा नोंद खरी असते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या वर्णनात चेहऱ्यावर येणाऱ्या एका श्यामवर्ण, वेदनारहित डागाला 'व्यंग' असे नाव आहे, आणि त्याचे कारण सांगितले आहे ते क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला आणि पित्ताशी मिळालेला वायू. आजचे वैद्यक ही उपपत्ती मानणार नाही. परंतु त्या प्राचीन ग्रंथकाराने डागाकडे पाहताना डागामागचे श्रम पाहिले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. संस्कृतातही 'व्यंग' या शब्दाला उणेपणाचा अर्थ आहेच. पण वैद्यकाच्या पानावर त्या उणेपणामागे कारण सांगितलेले आहे. मराठीच्या रोजच्या वापरात कारण गळाले आणि उणेपणा तेवढा शिल्लक राहिला.

कारण आणि खूण यांची ही फारकत महात्मा गांधींनी 'हिंद स्वराज्य' या १९०९ साली लिहिलेल्या पुस्तकात डॉक्टरांवरील प्रकरणात मांडलेली आहे. माणूस अति खातो, अपचन होते, डॉक्टरची गोळी घेऊन बरा होतो, आणि पुन्हा अति खातो. गोळी नसती तर त्याला धडा मिळाला असता, असा त्यांचा युक्तिवाद. तो जागरणाला लावून पाहिला तर त्याची शक्ती आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. रात्री-अपरात्रीपर्यंत करमणुकीत रमणाऱ्याने सकाळी खूण पुसून घेतली तर तो स्वतःला धडा नाकारतो, हे मान्य. परंतु डोळ्यांखालची खूण पुष्कळदा ज्याने अति केले त्याच्या चेहऱ्यावर उमटतच नाही. ज्याच्याकडून अति करून घेतले गेले त्याच्या चेहऱ्यावर उमटते. भारत सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीप्रमाणे घरातील बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, आणि पुरुष ९७ मिनिटे. या दोन आकड्यांतील अंतर तीन तासांहून अधिक आहे, आणि जिला नोकरीही करावी लागते तिच्या बाबतीत ते कोठून तरी वजा होणे भाग असते. पुष्कळ घरांत ते झोपेतून वजा होते. धडा घ्यायचा तो कोणी? जिची झोप गेली तिने, की जे तिच्या झोपेवर निवांत झोपले त्यांनी?

येथे एक उदाहरण कल्पून पाहावे. दहा वर्षे रात्रपाळी करणारी एक परिचारिका आहे. सकाळी घरी आल्यावर डबे, शाळा, सासूबाईंची औषधे. दुपारी तुटक झोप. तिच्या डोळ्यांखाली काळे आले आहे. बढतीच्या मुलाखतीआधी ती साठवलेल्या पैशांतून उपचार करून घेते. तिला नटवी म्हणणे हा क्रूरपणा होईल आणि खोटारडी म्हणणे त्याहून मोठा. ज्यांनी तिच्या श्रमाचा उपभोग घेतला तेच त्या श्रमाची खूण पाहून तिला कमी लेखणार असतील, तर खूण झाकण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. तरीही या व्यवहारात काही बिघडले आहे, असे वाटत राहते. बिघाड तिच्या कृतीत नाही. तो हिशेबात आहे. झोप तिची गेली, पैसे तिचे गेले, सुईची जोखीम तिने पत्करली. आणि या सगळ्याच्या शेवटी जे बदलले ते तिच्या चेहऱ्यावरची एक रेषा, रात्रपाळीचे वेळापत्रक नव्हे, घरातील कामाची वाटणीही नव्हे. उलट, खूण गेल्यामुळे ते वेळापत्रक आणि ती वाटणी ठीकच आहे, असे इतरांना मानता येऊ लागले. साक्षीदार गप्प झाला की खटला आपोआप निकालात निघतो.

साक्ष गप्प करण्याचा धोका केवळ सामाजिक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाने त्वचा फिकी पडते आणि डोळ्यांखालचा काळेपणा ठळक होतो. अशा स्त्रीच्या खाचेत भराव घालणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना फासणे. भिंत पांढरी दिसेल. पाणी मुरतच राहील. सुई हाती घेण्यापूर्वी रक्त तपासणारा आणि रात्री किती तास झोप होते हे विचारणारा वैद्य आणि न विचारणारा वैद्य यांच्या हातातील द्रव्य सारखे असले, तरी त्यांची कृती नैतिकदृष्ट्या सारखी नाही. पहिला माणसावर उपचार करतो. दुसरा त्याच्या प्रतिमेवर. धंद्याचा ओढा दुसरीकडे असतो हे उघड आहे, कारण विचारलेल्या प्रश्नाला शुल्क लागत नाही आणि टोचलेल्या सुईला लागते.

'ज्याचा चेहरा, त्याची मर्जी' या युक्तिवादाचा येथे विचार केला पाहिजे. प्रौढ माणसाने सर्व माहिती घेऊन स्वतःच्या देहाविषयी घेतलेला निर्णय इतरांनी मोडू नये, हे तत्त्व मोलाचे आहे आणि त्याला बाधा आणण्याचे कारण नाही. परंतु एकाच्या मर्जीचा परिणाम इतरांच्या मर्जीवर होतो. कचेरीतील दहांपैकी दोघांनी सावली घालवली तर उरलेल्या आठ जणांची सावली पूर्वीएवढीच असूनही अधिक गडद दिसू लागते, कारण ती आता तुलनेत वाचली जाते. सहांनी घालवली की उरलेल्या चौघांना 'तुम्ही काही करत का नाही?' असे विचारले जाते. जे ऐच्छिक होते ते टापटिपीत मोडू लागते, आणि टापटीप न ठेवणे हा दोष ठरतो. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याच्या चेहऱ्यावर मग दोन गोष्टी वाचल्या जातात, थकवा आणि गरिबी. पूर्वी सावली सर्वांना येत असे, निदान वय झाल्यावर तरी. म्हणून तिच्यात थोडी समता होती. ती विकत टाळता येऊ लागली की टाळता न येणारे वेगळे पडतात. एकेकाचा निर्णय निर्दोष असूनही सर्वांच्या निर्णयांची बेरीज अन्यायाची होऊ शकते. नीतिशास्त्राला हे कोडे जुनेच आहे. या बोटभर जागेवर ते फार स्पष्ट दिसते.

अशा कोड्यात निर्णय घेणाऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. दोष शोधायचा तर तो जेथून मागणी निर्माण होते त्या ठिकाणी, म्हणजे पाहणाऱ्याच्या दृष्टीत शोधला पाहिजे. फ्रेंच तत्त्वचिंतक इमॅन्युएल लेव्हिनास यांनी १९६१ सालच्या 'समग्रता आणि अनंतता' या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात नीतीचा उगमच दुसऱ्याच्या चेहऱ्यात सांगितला. समोरचा चेहरा ही पाहण्याची वस्तू नव्हे. तो पाहणाऱ्यावर एक जबाबदारी टाकतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. पुढे एका संभाषणात ते असेही म्हणाले की, दुसऱ्याला खऱ्या अर्थाने भेटायचे तर त्याच्या डोळ्यांचा रंगसुद्धा ध्यानात येऊ नये. चेहऱ्याला इतके महत्त्व देणाऱ्या विचारवंताने चेहऱ्याच्या तपशिलाकडे पाहू नका असे सांगावे, हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण त्यांच्या मते नाक, डोळे, रंग यांची नोंद घेणारी दृष्टी चेहऱ्याला वस्तू करते. ती माणसाला भेटत नाही, त्याचे मोजमाप घेते.

येथे एक अडचण मात्र राहते. डोळ्यांखालचे काळे कोणीच पाहू नये, असे ठरवले तर आईचा दारातला प्रश्नही संपेल. ज्या समाजात कोणी कोणाच्या चेहऱ्यावरचा शीण पाहत नाही, तो समाज सभ्य असेल, पण कोरडा असेल. तेव्हा पाहूच नये, असे सांगणे पुरेसे नाही. पाहण्याचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक पाहणे विचारते आणि थांबते. आपण वाचले ते चूक असू शकेल, ही शक्यता त्यात धरलेली असते; म्हणून 'नाही गं आई, हे तर आजीसारखंच आहे माझं' असे उत्तर आले तर ते हसून ऐकले जाते, आणि उत्तराऐवजी डोळ्यांत पाणी आले तर पाहणारी व्यक्ती काहीतरी करायला उठते. दुसरे पाहणे विचारत नाही. ते वाचते, नोंद करते आणि पुढे जाते. त्या नोंदीविरुद्ध अपील नसते, म्हणून माणूस नोंद होऊच नये याची तजवीज करतो. सुईकडे जाणाऱ्या वाटेचा आरंभ या दुसऱ्या पाहण्यात आहे.

या विवेचनातून सुईच्या बाजूने किंवा विरुद्ध असा एक निकाल निघत नाही. निघण्याची आवश्यकताही नाही. ज्याचा चेहरा त्याच्याविषयी खोटे सांगतो त्याने तो सुधारून घ्यावा. त्यात कमीपणा नाही. ज्याचा चेहरा खरे सांगतो त्यानेही, सांगून उपयोग होत नाही असे दिसल्यावर, तो गप्प केला तर त्याला बोल लावता येणार नाही. वैद्याने मात्र सुईआधी विचारले पाहिजे, आणि जेथे उपयोग नाही तेथे नाही म्हटले पाहिजे. उरलेले कर्तव्य पाहणाऱ्यांचे आहे, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. रात्रपाळी कोण करतो, पहाटे कोण उठतो, कोणाच्या ताटात शेवटी काय उरते, हे चेहऱ्यावर उमटण्याआधीच विचारता येण्याजोगे प्रश्न आहेत. ते वेळेवर विचारले गेले तर डोळ्यांखालची सावली सावलीच राहील. वंशाची, वयाची, दिव्याच्या जागेची. तिला साक्षीला उभे राहावे लागणार नाही, आणि तिला गप्प करण्याचीही कोणाला गरज पडणार नाही.